म्हापशाचं माडाचं व्हिनेगर: घ्यावं, पण बाटली पारखून

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माडाचं व्हिनेगर जुन्या काचेच्या बाटल्यांत मिळतं. बहुतेक बाटल्यांवर लेबल नसतं, त्यामुळे आंबटपणा किती हे विकणारीच्या शब्दावर.

चवीला मात्र किराणा दुकानातल्या पांढऱ्या व्हिनेगरपेक्षा हे कितीतरी सरस. त्या पांढऱ्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं, म्हणजे ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी. आंबटपणा देणारं ॲसिड दोन्हींत तेच. माडी, म्हणजे माडाचा गोड रस, आंबताना यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, मग ॲसिटोबॅक्टर नावाचा जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्याचं ॲसिटिक ॲसिड करतो. या प्रवासात इथाइल ॲसिटेटसारखी गंधद्रव्यं तयार होतात, थोडे क्षारही उरतात. विंदालू किंवा रेशाद मसाल्यात सिंथेटिक घातलं की आंबटपणा एकटाच पुढे येतो, तो यामुळे.

घेताना झाकण उघडून वास घ्या. दारूचा वास येत असेल तर माल कच्चा आहे. झाकण फसकन उघडलं तर आत अजून साखर आंबते आहे. वर जेलीसारखा पापुद्रा दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो जिवाणूंनी केलेला सेल्युलोज, गाळून टाका. केसाळ बुरशी असेल तर बाटली परत.

खरा कस लागतो लोणच्याला. कायद्याने व्हिनेगरमध्ये किमान 3.75 टक्के ॲसिटिक ॲसिड हवं, आणि परदेशी पाककृती 5 टक्के धरून लिहिलेल्या असतात. तेव्हा त्यात सांगितलेलं पाणी डोळे झाकून ओतू नका. कॉलेजची प्रयोगशाळा हाताशी असेल तर 5 मिली व्हिनेगर उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात पातळ करा, फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे दोन थेंब टाका आणि 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत सोडा. जितके मिली लागले त्याला 0.12 ने गुणलं की टक्के निघतात. 31 मिलीच्या आत रंग आला तर ही बाटली लोणच्याला नको, स्वयंपाकात संपवा. मोजायची सोयच नसेल तर लोणच्याला सरळ टक्केवारी छापलेली बाटली आणा. चव थोडी कमी, पण लोणचं टिकेल.

घरी आणल्यावर लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा. अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा राहते, आणि अल्कोहोल संपलं की हेच जिवाणू ॲसिटिक ॲसिडही खाऊन त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांत मात्र चुकूनही ठेवू नका.