फिल्टरमध्ये कन्हानची रेती की क्वार्ट्झ?

स्लॅबसाठी कन्हानची (नागपूरजवळच्या कन्हान नदीची) रेतीच घ्या. काँक्रीटमध्ये लहान-मोठे दाणे मिसळलेले हवेत. पोकळी कमी राहते, सिमेंट वाचतं. तिथं महागडी क्वार्ट्झ (गारगोटीची रेती) म्हणजे निव्वळ हौस.

गावच्या पाणीयोजनेच्या जलद फिल्टरचं (रेतीच्या थरातून पाणी वेगानं गाळणाऱ्या टाकीचं) मात्र उलटं. दाणा जवळपास एकसारखा, साधारण ०.४५ ते ०.७ मिमीचा लागतो. नदीची रेती तशीच भरली, तर उलट धुलाईत (खालून पाणी सोडून रेती धुताना) बारीक दाणे वर येऊन बसतात आणि फिल्टर लवकर तुंबतो. चाळलेली क्वार्ट्झ इथं उजवी. (नदीच्या रेतीतही क्वार्ट्झ भरपूर असतंच म्हणा, नीट चाळून-धुऊन घेतली तर तीही चालते.) मूठभर रेती काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळून ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला, तर ट्रॅक्टर परत पाठवा.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या पाण्यातलं फ्लोराइड मात्र दोन्हींनी निघत नाही.