‘लमसम’चा एकच आकडा आणि लादीखाली पुरलेलं रॅबिट

नेरूळला आई-बाबा राहतात ती सिडकोची जुनी इमारत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल धरली, मग पाणी टपकायला लागलं. ते आमच्याकडूनच उतरत होतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती सोसायटीने बघायची, पण संडास, बाथरूम, सिंक यांची गळती ज्याच्या घरातून होते त्याने स्वखर्चाने थांबवायची. म्हणजे काम आमचंच होतं आणि ते तातडीने करायचं होतं. समोरचा माणूस घाईत आहे हे काँट्रॅक्टरला दारात पाऊल टाकताच कळतं.

त्याने लेटरहेडवर एकच ओळ लिहून दिली: ‘संडास व बाथरूम रिनोव्हेशन, मटेरियल-लेबरसकट, कंप्लीट – १,६०,०००’. मी आयटमवार कोटेशन मागितलं. तोडफोडीचे किती, वॉटरप्रूफिंगचे किती, टाइल्स किती स्क्वेअर फूट आणि काय रेटने, प्लंबिंगचे पॉइंट किती, पाइप कुठल्या कंपनीचे, एवढंच विचारलं होतं. तो म्हणाला, “ताई, आम्ही सगळे लमसमच घेतो. आयटमवार गेलात तर तुम्हालाच महाग पडेल. काकांना विचारा, मी काय पळून जाणार आहे का?” मी पुन्हा मेसेज केला, तर “उद्या पाठवतो” असं उत्तर आलं. तो ‘उद्या’ कधी उगवला नाही. दरम्यान ‘अर्धे पैसे दिल्याशिवाय माल उचलता येत नाही’ म्हणून बाबांकडून ८०,००० रुपये घेऊन झाले होते.

‘कंप्लीट’ या शब्दात काय काय येतं, ते जुन्या लाद्या फुटल्यानंतर हळूहळू कळायला लागलं. रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, खाली उतरवून टेंपोने न्यायचं ते वेगळं, ९,००० रुपये. “स्लॅब फारच खराब निघाला, काकी,” म्हणून वॉटरप्रूफिंगचे वेगळे १८,०००. आतले पाइप बदलायचे ११,०००. शेवटी टाइल्स जास्त लागल्या म्हणून १६,०००. असे ५४,००० रुपये वाढले. यातली एकही गोष्ट आधी न दिसणारी नव्हती. गळतीच थांबवायला बोलावलेल्या माणसाला वॉटरप्रूफिंग ‘एक्स्ट्रा’ कसं वाटू शकतं? पण घरात एकच संडास, तो फोडून ठेवलेला, सत्तरी ओलांडलेली दोन माणसं शेजारच्यांकडे जाताहेत, अशा वेळी कोण भांडत बसणार? प्रत्येक वाढीव आकडा बरोबर काम अर्धवट अवस्थेत असतानाच आला, आणि नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी गवंडी यायचा नाही. त्याच्या तोंडी ‘बिगारी गावाला गेला’ हे ठरलेलं होतं.

टाइल्सचा हिशोब मी टेपने मोजून काढला. तो इथे मांडते, कारण हे गणित कुणालाही घरबसल्या करता येतं. बाथरूम ६ बाय ४ फूट, संडास ४ बाय ३ फूट. दोन्हींची जमीन मिळून ३६ स्क्वेअर फूट. भिंती ७ फुटांपर्यंत: बाथरूमचा घेर २० फूट म्हणजे १४०, संडासचा घेर १४ फूट म्हणजे ९८. त्यातून अडीच फुटी दोन दरवाजांचे ३५ वजा केले की भिंतींचे उरले २०३. एकूण २३९, आणि कटिंग-तुटफुटीचे दहा टक्के धरले तरी २६३ स्क्वेअर फूट. त्याने सांगितलेला आकडा ३८० होता. दुकानाचं बिल मागितलं तर “ते होलसेलचं असतं, ताई, कस्टमरला देत नाहीत.” आणि मुळात १,६०,००० मध्ये किती टाइल्स धरल्या होत्या, हे कागदावर नसल्यामुळे ‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा जास्त, हेही त्याला सांगावं लागलं नाही.

पैसे गेले त्याहून मला जास्त संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. पहिल्याच जोरदार पावसात नव्हे, रोजच्या आंघोळीच्या पाण्यानेच काकूंच्या छतावर तोच डाग परत उमटला. फोन उचलणं बंद झालं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसरा माणूस सुचवला. त्याने नहाणी ट्रॅपजवळच्या, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून जातं त्या जाळीजवळच्या, दोन टाइल्स काढून खालचा कोपरा उकरला. तिथे कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला थर, असायला हवा होता. निघाले आमच्याच जुन्या पांढऱ्या लाद्यांचे तुकडे, पोकळ भरलेली रेती आणि सिमेंटच्या गोणीचा एक चुरगळलेला तुकडा. जे रॅबिट उचलायचे ९,००० घेतले, त्यातलंच काही खड्ड्यात लोटून वरून टाइल्स चिकटवल्या होत्या. स्लॅब साफ करून पाइपांच्या भोवती भरायचं, केमिकलचे कोट द्यायचे, पाणी साठवून निदान दोन दिवस खाली उतरतं का ते बघायचं, मग ट्रॅपकडे उतार देत कोबा, आणि त्यानंतरच लादी, हा क्रम असतो. यातलं पाणी साठवून बघणं झालंच नव्हतं.

नव्या माणसाने दिलेला कागद मी जपून ठेवलाय. प्रत्येक कामासमोर माप, रेट, रक्कम. वॉटरप्रूफिंगच्या खाली केमिकलचं नाव आणि किती कोट. पाइपांची कंपनी. रॅबिट टेंपोसकट की फक्त खालपर्यंत, तेही. ‘यात नाही’ असा वेगळा रकाना, त्यात दरवाजा आणि गिझर. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि एक टप्पा तर पाणी साठवून काकूंच्या घरी जाऊन बघितल्यावरच द्यायचा. पहिल्याने ज्याला ‘महाग पडेल’ म्हटलं होतं ते हेच.

जीएसटीबद्दलही सांगते. बिल मागितल्यावर पहिल्याने “मग १८ टक्के वर” असं म्हटलं होतं. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही त्याला तो कर लावण्याचा अधिकार नाही. नोंदणी असेल तर १५ अक्षरी-अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून लगेच तपासता येतो. तो त्याने दिला नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही तक्रार तयार केली आहे: यूपीआयच्या पावत्या, त्याचे मेसेज, उकरलेल्या कोपऱ्याचे फोटो, नव्या माणसाचं लेखी निरीक्षण. वकीलबाईंनी सगळं वाचून एकाच ठिकाणी बोट ठेवलं. त्याच्या कागदावर ‘कोबा’ किंवा ‘वॉटरप्रूफिंग’ हा शब्दच नाही, त्यामुळे त्याने नेमकं काय करायचं कबूल केलं होतं हे सिद्ध करणंच सगळ्यात जड जाणार आहे.