निलंबनाचा काळ: ‘तसाच’ ठेवावा की रजेत घालावा?

निलंबन सर्वस्वी असमर्थनीय ठरलं असेल तर विचार करायचं कारणच नाही. महाराष्ट्र राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या निलंबनकाळातल्या वेतनाविषयीच्या १९८१ च्या नियमांतल्या नियम ७२ प्रमाणे पूर्ण वेतन मिळतं आणि तो काळ कर्तव्यकाळ होतो. अडचण शिक्षा लागून पुन्हा रुजू झालेल्यांची. ‘निलंबन कालावधी तसाच (म्हणजे कर्तव्यकाळ न मानता निलंबन म्हणूनच) का धरू नये’ अशी नोटीस हातात पडते आणि म्हणणं मांडायला फार तर ६० दिवस असतात.

तसाच ठेवला तर रजेला धक्का लागत नाही. अर्जित, म्हणजे पूर्ण पगारी रजेचं निवृत्तीला ३०० दिवसांपर्यंत रोखीकरण होतं, ही काही लहान रक्कम नव्हे. निवृत्ती वर्षभरावर आली असेल तर कदाचित हेच बरं.

माझं पारडं मात्र वेतनवाढीने फिरवलं. ‘तसाच’ ठेवलेला काळ वेतनवाढीसाठी कर्तव्य म्हणून धरा, असं आदेशात स्पष्ट नसेल तर वार्षिक वेतनवाढ पुढे सरकते. मग ती तूट दर महिन्याच्या पगारात, महागाई भत्त्यात आणि शेवटी पेन्शनमध्ये येते. रजेचं तसं नाही; वैद्यकीय दाखल्याविना घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा सोडली तर रजेचा काळ वेतनवाढीला धरतात.

म्हणून मी रजेकडे झुकतो, पण सरसकट नाही. समजा मूळ वेतन ६०,००० आहे. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता (निलंबनात पगाराऐवजी मिळणारी रक्कम) अर्धवेतनी रजेइतकाच, म्हणजे ३०,००० अधिक महागाई भत्ता. तिथे अर्धवेतनी रजा घाला, हिशेब बरोबरीत सुटतो. पुढे भत्ता निम्म्याने वाढून ४५,००० झाला असेल, तर त्या महिन्यांना अर्धवेतनी रजा लावल्यास महिना १५,००० ची वसुली निघू शकते. तिथे अर्जित रजा द्या. उलट १५,००० फरक हाती येतो.

ही रजा तुम्ही मागितली तरच मिळते. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या टायपिंगवाल्याकडच्या ठरीव अर्जात नुसतं ‘देय व अनुज्ञेय रजा मंजूर व्हावी’ असतं. शिल्लक कमी पडली की उरलेले दिवस असाधारण रजेत जातात आणि वेतनवाढ पुन्हा हुकते. तेव्हा आधी रजा खात्याचा उतारा काढा आणि अर्जात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणती रजा, ते लिहा. आदेशातही तसंच उतरवून घ्या. सेवापुस्तकात नुसतं ‘कालावधी नियमित केला’ असं राहिलं, तर नाशिकच्या वेतन पडताळणीत (वेतननिश्चिती बरोबर आहे का, ही तपासणी) पुस्तक आक्षेपासह परत येतं.