ताकायामा-होकुरिकु पास : सात महिन्यांत दोनदा वापरल्यानंतरचा अनुभव

मी पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करते आणि कामानिमित्त मला अधूनमधून नागोयाला जावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये काम आटोपल्यावर एकटीने आणि मे २०२५ मध्ये आईला सोबत घेऊन, असा दोनदा मी ताकायामा-होकुरिकु पर्यटन पास वापरला. तोक्यो-क्योतोच्या पलीकडचा डोंगराळ, जुना जपान पहिल्यांदाच पाहायला निघणाऱ्यांना त्याचा उपयोग किती, हे सविस्तर लिहिते.

हा पास अल्पमुदतीच्या परदेशी पाहुण्यांसाठी असून तो सलग ५ दिवस चालतो. मी घेतला तेव्हा त्याची किंमत १९,८०० येन होती. नागोयाहून रेल्वेने ताकायामा, तेथून बसने शिराकावा-गो हे जुन्या घरांचे गाव आणि पुढे कानाझावा शहर, मग होकुरिकु शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने त्सुरुगा आणि तेथे गाडी बदलून ओसाका, असा धनुष्याकृती मार्ग त्यात येतो. ही सुटी तिकिटे काढली तर नागोया-ताकायामाचे सहा हजारांच्या वर, दोन्ही बसचे मिळून पाच-साडेपाच हजार आणि कानाझावा-ओसाकाचे नऊ हजारांच्या वर येन तेव्हा होत होते. म्हणजे पूर्ण मार्ग केला तरच पास वसूल होतो आणि तेव्हाही बचत थोडीच होते. कानाझावाहून नागोयाला परतायचे असेल किंवा तोक्योकडे जायचे असेल, तर हा पास घेऊ नये. नागोया ते ओसाका धावणारी तोकाइदो शिंकान्सेनही यात येत नाही.

तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने देशभराच्या पासच्या मोहात पडू नये, असे माझे ठाम मत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा राष्ट्रीय रेल्वे पास २९,६५० वरून ५०,००० येनांवर गेला आणि शिराकावा-गोची बस त्यात मुळातच येत नाही. असे असूनही पुण्यातील एका प्रवास संस्थेने मला आखून दिलेल्या कार्यक्रमात तोच पास होता, आणि शिराकावा-गोसाठी अवघे दोन तास ठेवले होते.

पहिल्या प्रवासात माझी चूक अशी झाली की पास म्हणजे जागा, असे मी गृहीत धरले. कानाझावाकडे जाणाऱ्या बससाठी जागा वेगळी राखून ठेवावी लागते आणि पास असला तरी ती आपोआप मिळत नाही. दुपारची बस भरलेली होती. थंडीत तीन तास थांबून मी शेवटच्या बसने निघाले आणि अंधार पडल्यावर कानाझावाला पोहोचले. मे महिन्यातल्या प्रवासाची आखणी म्हणून मी उलट्या क्रमाने केली. बसचे आरक्षण साधारण महिनाभर आधी खुले होते. आधी त्या बसची जागा धरली, मग तिच्या दोन्ही बाजूंच्या मुक्कामांच्या खोल्या नक्की केल्या आणि पास सर्वांत शेवटी घेतला. एप्रिलच्या १४-१५ आणि ऑक्टोबरच्या ९-१० तारखांना ताकायामाचे उत्सव असतात, तेव्हा खोली मिळणेच कठीण असते. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील जपानी सुट्ट्याही आम्ही टाळल्या.

शिराकावा-गोला निदान अर्धा दिवस द्यावा. १९९५ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या गावातील वादा घराण्याच्या घरात आई माळ्यावर बराच वेळ उभी राहिली. चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या तुळया खिळ्यांनी नव्हे, तर दोरांनी आणि लवचिक फांद्यांनी करकचून बांधलेल्या आहेत आणि याच माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर नव्याने शाकारायचे असते, तेव्हा सारे गाव हातभार लावते, त्याला ‘युइ’ म्हणतात, असे मी सांगितले. त्यावर आई एवढेच म्हणाली, ‘अगं, ही तर आपली इर्जिक.’

ताकायामात सान्माचीच्या जुन्या गल्ल्यांपेक्षा मला ‘जिन्या’ ही जुनी सरकारी कचेरी अधिक महत्त्वाची वाटते. १६९२ पासून तोकुगावा शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, ताकायामाचा हिदा प्रांत थेट आपल्या ताब्यात ठेवला होता आणि त्या कारभाराची कचेरी, दिवाणखाने, धान्याची कोठारे यांसह, येथे अजून उभी आहे. मियागावा नदीकाठचा बाजार सकाळीच गाठावा, तो दुपारी उठतो.

शाकाहाराचा प्रश्न मात्र पासइतकाच आधी सोडवायला हवा. सोबा शेवया असोत की मिसो सूप, दाशी नावाच्या मूळ रश्शात बहुतेक वेळा मासा असतो, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मुक्कामाच्या घरी आम्ही आरक्षणाच्या वेळीच ‘मासा नाही, माशाचा रस्साही नाही’ असे जपानीत लिहून कळवले आणि त्यांनी आईसाठी तोफू, रानभाज्या आणि साधा भात वेगळा रांधला. बाजारात तिला काडीवर ओवलेले, निखाऱ्यावर भाजून सोया सॉस लावलेले मिताराशी दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, फार आवडले. ताकायामाचे दांगो गोड नसतात. संध्याकाळी दुकाने लवकर बंद होतात, म्हणून मेतकूट आणि भडंग जवळ होते ते बरे झाले.

मोठी बॅग ताकायामाहून कानाझावाच्या हॉटेलवर घरपोच सेवेने पुढे पाठवली, ती दुसऱ्या दिवशी पोहोचली. आईसोबत असताना हा खर्च सर्वांत सार्थकी लागला. आम्ही गेलो तेव्हा ताकायामा स्थानकावर आयसी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेले प्रवासाचे कार्ड, चालत नव्हते आणि लहान दुकानांत रोख लागते, हेही लक्षात असू द्यावे.

कानाझावातील केन्रोकुएन बाग मी दोन्ही ऋतूंत पाहिली. नोव्हेंबरच्या आरंभी कारासाकीच्या पाइन वृक्षाला बर्फाचा भार पेलावा म्हणून खांबाच्या टोकापासून शंकूसारखे दोर बांधतात. मे महिन्यात ते दोर नव्हते, तेव्हा त्या फांद्या जमिनीलगत किती दूरवर पसरल्या आहेत ते दिसले. परतीच्या वाटेवर त्सुरुगाला सावध राहावे. १६ मार्च २०२४ ला शिंकान्सेन तिथवर आल्यापासून ओसाकाची थंडरबर्ड गाडी तेथूनच सुटते. वरच्या फलाटावरून खाली उतरून गाडी बदलायला आठेक मिनिटे मिळतात, आणि थंडरबर्डमध्ये सर्व जागा आरक्षित असल्याने तिकीट आधीच घ्यावे लागते. आईला सरकत्या जिन्याची भीती वाटते, म्हणून आम्ही लिफ्टजवळचा डबा गाठला आणि गाडीत बसल्यावरच पाणी प्यायलो.