स्वतःचीच अक्कलदाढ बसवतो म्हणून ३२,००० रुपये उकळले

माझ्या मुलाची खालची दाढ किडून काढावी लागली होती. वय १८. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून लावलेला कृत्रिम दात, परवडत नव्हतं. परभणीतल्या एका दवाखान्यात म्हणाले, "इम्प्लांट कशाला? ह्याचीच अक्कलदाढ काढून तिथं बसवू." आधी १२,०००, नंतर २०,०००. सोयाबीनची पट्टी नुकतीच हातात आली होती, भरले.

हा इलाज खोटा नाही, खरंच होतो. म्हणून तर माणूस फसतो.

अक्कलदाढ काढली आणि माझ्यासमोर स्टीलच्या ट्रेमध्ये कोरड्या कापसावर ठेवली. "लॅबला पाठवून तयार करावी लागते, पुढच्या आठवड्यात या." मनात पाल चुकचुकायला हवी होती ती इथंच! काढलेली दाढ काही मिनिटांत नव्या जागी बसवावी लागते. मुळावरचा नाजूक पडदा वाळला की संपलं. जुनी जखम भरलेली असेल तर हाडात नवी खोबण कोरावी लागते. ह्या डॉक्टरनं हाडाला हातही लावला नाही. पण शेतकऱ्याला हे कोण सांगणार? समोर पांढरा कोट, भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र. माझ्या जागी कुणीही मान डोलावली असती.

आठवड्यानं शेजारच्या दातांना तारेनं बांधून 'दाढ' बसवली. भाकरी खाताना ती निखळून लेकराच्या हातात आली. संभाजीनगरला एक्स-रे काढला, हाडात काहीच नव्हतं. प्लास्टिकचा दात चिकटवला होता! चांगली अक्कलदाढ मात्र गेली ती गेलीच.

पोलीस म्हणाले, "हे डॉक्टरकीचं आहे, आमच्याकडं येत नाही." दुसऱ्या कार्यालयानं अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसरीकडं साहेब जागेवर नाहीत. पुन्हा गेलो, साहेब मीटिंगला. पावती आहे का, हे मात्र सगळ्यांनी मलाच दरडावून विचारलं. चोर मी आहे का?

पावती घ्याच. पैसे डॉक्टरच्या नावावरच टाका. आमचे २०,००० भलत्याच माणसाच्या खात्यात गेले. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एक्स-रे हातात मागा. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. मुळं पूर्ण वाढलेली दाढ बसवली तर पुढं रूट कॅनॉल सहसा लागतंच. त्याचा विषयच न काढणाऱ्याकडून उठून या.

खासगी दवाखान्यात पैसे देऊन घेतलेला इलाज ग्राहक कायद्यात येतो, सुप्रीम कोर्टानं १९९५ लाच सांगितलंय. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. हे एकाही कार्यालयानं मला सांगितलं नाही. तक्रार तयार आहे, सोमवारी दाखल करतोय. त्याच दवाखान्यात आणखी कुणाचे पैसे गेले असतील तर आपापले एक्स-रे घेऊन या, सोबत जाऊ.