लक्षणांची यादी की ‘तुमच्यासोबत काय घडलं?’

काका गेल्यावर मावशी रोज पहाटे दोन कप चहा टाकायची. एक प्यायची, दुसरा गार झाला की ओतून द्यायची.

‘डीएसएम-५’ नावाच्या अमेरिकी निदानपुस्तकाच्या हिशेबात, नऊपैकी पाच लक्षणं दोन आठवडे दिसली की नैराश्य. आधीच्या आवृत्तीत जवळचं माणूस गेलेल्यांना दोन महिन्यांची सूट होती. २०१३ मध्ये तीही काढली. तारतम्य ठेवा, अशी तळटीप आहे म्हणे. ओपीडीच्या गर्दीत तळटीप कोण वाचतंय!

ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडलेली ‘पॉवर थ्रेट मीनिंग’ चौकट आजाराचं नावच बाजूला ठेवते. तुमच्यासोबत काय घडलं? त्याचा तुम्ही काय अर्थ लावलात? तगून राहायला काय केलंत? इथे दुसरा कप हे लक्षण नसतं, ती तगून राहायची रीत असते.

मला ही दुसरी वाट पटते. पण विम्याचा क्लेम किंवा दिव्यांगत्वाचा दाखला हवा असेल, तर निदानाशिवाय फाइल हलत नाही. शिवाय गोष्ट ऐकायला तास लागतो, चिठ्ठी पाच मिनिटांत होते.

मावशीला झोपेची गोळी मिळाली, लागूही पडली. चहाबद्दल मात्र फक्त आईने विचारलं.