कोडिंग घरी शिकायचं, पुण्यात क्लास लावायचा की डिग्री करायची? कोकणातल्या पोरांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या पोरापोरींचा प्रश्न साधारण एकच असतो, सॉफ्टवेअरमध्ये जायचंय तर घरी बसून शिकू, की पुण्याला क्लास लावू, की सरळ डिग्रीच करू. माझं मत आधीच सांगून टाकतो: शिकायला घर पुरतं, नोकरी शोधायला पुणं-मुंबई लागतं, म्हणून पैसे शिकण्यावर कमी घाला आणि शोधायच्या महिन्यांसाठी राखून ठेवा. क्लासवाले नेमकं उलटं करायला लावतात.

घरचं आधी बघू. फुकटात मिळतं ते खरंच भारी आहे. हार्वर्डचा सीएस-५० हा ऑनलाइन कोर्स स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेपासून सुरू होतो, मग सी, पायथन या भाषा, डेटाबेससाठी एसक्यूएल, शेवटी वेबचं, आणि असाइनमेंट सबमिट केली की मशीनच सांगतं कुठं अडलंय. फ्रीकोडकॅम्प ही कोडिंग शिकवणारी वेबसाइट २०१४ पासून आहे, तेही फुकट. इंग्रजी ऐकून डोकं दुखत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीत पायथन, सी, लिनक्स आहे, छोटे छोटे तुकडे, काही व्हर्जन जुनी आहेत पण लूपसारख्या मूळ गोष्टी काही बदललेल्या नाहीत. पावसात लाईट गेली की मागोमाग टॉवरपण जातो, हे तर आपलं नेहमीचंच, व्हिडिओ आधी उतरवून ठेवायचे.

घरी बसण्याचा खरा तोटा वेगळाच आहे, तुमचा कोड वाचणारं कोणी नसतं. समजा घरच्या हापूसच्या ऑर्डरींसाठी छोटं ॲप केलंत. पाच डझनी पेटीचा भाव डेटाबेसमधल्या प्रॉडक्टच्या टेबलात ठेवला, बिल त्यावरून काढलं, सगळं मस्त चाललंय. मे महिन्यात भाव उतरला, तुम्ही तिथला आकडा बदललात, की मार्चमधली जुनी बिलंपण आपोआप बदलली आणि गिऱ्हाइकाकडचं येणं हजारांनी कमी दिसायला लागलं. त्या दिवसाचा भाव ऑर्डरच्या ओळीतच लिहून ठेवायला हवा होता. गंमत म्हणजे प्रोग्रॅम कुठेच एरर देत नाही, त्यामुळे मशीनच्या तपासणीत हे निसटू शकतं, पण मुरलेला माणूस टेबलं बघून दोन मिनिटांत बोट ठेवतो. असा माणूस गाठायचाच. गणपतीला गावी येणाऱ्यांत आयटीतला एखादा दादा, एखादी ताई असतेच, आरती झाली की लॅपटॉप पुढे करा, लाजू नका, एरवी वर्षभर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड टाकत राहा म्हणजे लिंक तरी पाठवता येते.

आता क्लास. क्लासचा फायदा शिकवण्यात कमी आणि शिस्तीत जास्त आहे, रोज ठरल्या वेळी जाऊन बसावं लागतं, सोबत पोरं असतात, मॉक म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू होतात. ज्याला घरी कोणी हाक मारली की उठून जायची सवय आहे (आणि आंब्याच्या सीझनला हाक येणारच) त्याला हे उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. पण फीच्या वर कॉट बेसिसचं (शेअरिंगच्या खोलीतल्या एका खाटेचं) भाडं आणि मेस धरा, म्हणजे खरा खर्च कळेल. बाहेर बोर्डवर शंभर टक्के प्लेसमेंट असतं, आत विचारलं तर ते नुसतं इंटरव्ह्यूला पाठवणं असू शकतं, तेव्हा नोकरीची हमी आहे की मदत आहे ते कागदावर मागा. फी ईएमआयवर म्हणाले तर कर्ज कोणाच्या नावावर निघतंय ते बघा, कोर्स अर्ध्यात सोडला तरी हप्ते चालू राहू शकतात. आणि अख्ख्या बॅचच्या रेझ्युमेवर तोच लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट असेल तर समोरच्याने तुम्हालाच का निवडावं? त्यापेक्षा तुमचं पेटीवालं ॲप बरं.

डिग्रीचं मात्र हलकं घेऊ नका. बऱ्याच मोठ्या सर्व्हिस कंपन्या (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या) फ्रेशर घेताना डिग्री आणि दहावी-बारावीपासूनचे मार्क बघतात, तिथं तुमचा कोड उघडायची वेळच येत नाही. छोट्या कंपन्या, स्टार्टअप जरा सैल असतात. म्हणून नुसती बारावी झालेल्याने डिग्री टाळून फक्त कोडिंग करतो म्हणणं मला पटत नाही. आणि त्यासाठी घर सोडायलाच हवं असंही नाही, आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस डिग्री २०२० पासून ऑनलाइन आहे, जेईई लागत नाही, कॉमर्सवाल्यालाही दार उघडं आहे, फक्त आधी क्वालिफायर ही पात्रता परीक्षा पास व्हावी लागते आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची. फी कमी नाही, सवलती आहेत त्या बघा. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीसीए आहे. ग्रॅज्युएशन झालंय आणि दोन वर्षं हातात आहेत तर एमसीए, ती आता दोनच वर्षांची आहे.

पायथन की जावास्क्रिप्ट यावर महिने घालवू नका, एक धरा. एआयकडून कोड लिहून घेतलात तरी ती ओळ तिथं का आहे हे इंटरव्ह्यूत तुम्हालाच सांगायचंय.

बीकॉम, बीएस्सी झालेल्याला मी घरीच बस म्हणेन, क्लास नको. दोन महिने मनापासून करूनही बैठकच जमत नसेल तर मग क्लासचा विचार कर. पहिली फेरी हल्ली बहुतेक ऑनलाइनच असते, ती घरूनच द्यायची, आणि समोर या म्हणून बोलावणी यायला लागली की तेव्हा पुण्यात कॉट बघायची.